गाळ काढल्यापासून पाझर तलावात पाणी टिकत नाही. पुढे काय करावे?

मांजराकाठ (कळंब, जि. धाराशिव)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळी कामांतून बांधलेला एक पाझर तलाव आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून या तलावातील गाळ काढण्याची चर्चा गावात होती. ती प्रत्यक्षात आणली गेल्या उन्हाळ्यात, गावातील तरुणांनी आणि बचत गटांतील महिलांनी. यंत्राच्या डिझेलसाठी वर्गणी जमली, शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने गाळ नेला आणि भरावावरील वेड्या बाभळी आम्ही श्रमदानातून काढल्या. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहिले, तेव्हा साऱ्या गावाने जलपूजन केले.

परंतु पूर्वी ज्या तलावात होळीपर्यंत थोडेफार पाणी दिसत असे, तो यंदा संक्रांतीलाच तळाला गेला. तळाला प्लॅस्टिकचे कापड अंथरावे असे काहींचे म्हणणे आहे, तर सांडव्याची भिंत दोन फूट उंच करावी असे काहींना वाटते. राबलेली माणसे नाउमेद झाली आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालाघाट (बीड, जलसंधारण विभागातून निवृत्त)

आपण स्वतःच त्यास पाझर तलाव म्हटले आहे, आणि उत्तर तेथेच आहे. हा तलाव पाणी साठवून ठेवण्यासाठी नव्हे, तर ते जमिनीत मुरवण्यासाठी बांधला जातो. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकातील भेगांमध्ये; तळाला बारीक गाळाचा थर साचला की या वाटा बुजतात आणि उथळ पाणी उन्हाळ्यापर्यंत दिसत राहते, मात्र त्यातील बराच भाग उन्हाने उडून जातो. म्हणून तलाव लवकर आटला यावरून काम फसले असा निष्कर्ष काढू नये. तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी काय आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि खरी पाहण्याची गोष्ट तीच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. आपणही त्याच महिन्यांत दोरी सोडून खालच्या आणि दूरच्या काही विहिरी मोजाव्यात आणि नोंदी ग्रामपंचायतीत ठेवाव्यात.

प्लॅस्टिक अंथरल्यास तलावाचा मूळ हेतूच संपेल. सांडव्याला तर कोणीही हात लावू नये, कारण मोठ्या पुराच्या वेळी पाणी भरावावरून न जाता सुरक्षितपणे बाहेर पडावे, यासाठीच त्याची उंची ठरवलेली असते. मातीच्या भरावावरून पाणी गेले की भराव फुटण्यास वेळ लागत नाही आणि खालच्या वस्तीतील माणसे जिवाला मुकतात. पाणी भरावाच्या पायथ्यातून झिरपून ओढ्याला लागत असेल, तर मात्र तो दोष आहे. त्याची पाहणी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे शाखेकडून करून घ्यावी. पुढील वर्षी गाळ काढताना भरावालगतचा पट्टा अभियंत्याकडून आखून घ्यावा आणि तेथे खोदू नये. भरावावर झाडे न लावता गवतच राहू द्यावे, कारण वाळलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढते.

जालनेकर

वरील मताशी मी सहमत आहे. जालना शहराला पाणी देणाऱ्या निजामकाळातील घाणेवाडी तलावातील गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून काढला, त्याची माहिती घेण्यास बाहेरगावची मंडळी येतात आणि तीच पद्धत आपल्या पाझर तलावाला लावू पाहतात. घाणेवाडी हा साठवण तलाव आहे. तेथे धारणक्षमता वाढणे हेच यश. एक हेक्टर क्षेत्रावरील एक मीटर गाळ निघाला की एक कोटी लिटर पाण्याची जागा होते. अशा तलावात तळाचा चिकणमातीचा मूळ थर राखावा लागतो, तर पाझर तलावात तसा थर साचू न देणे हेच काम.

मला अधिक काळजी वाटते ती वरच्या पाणलोटाची. तेथील बांधबंदिस्ती मोडलेली असेल आणि ओघळींवर दगडी बांध नसतील, तर काढलेला गाळ काही वर्षांत परत येईल. यंत्र चालते तेव्हा गर्दी जमते, पण उतारावर चर खोदायला मोजकीच माणसे येतात, हे मी अनेक गावांत पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

मांजराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. खालच्या अंगाच्या काही विहिरींना यंदा माघात पाणी आहे, जे पूर्वी नसे. ही गोष्ट आम्ही तलावाशी जोडून पाहिलीच नव्हती. आणखी एक विचारतो. पाणी ओसरले की काही कुटुंबे तलावाच्या पोटात गाळपेर करतात. ती बंद करावी का?

गोदातीर (नांदेड)

पोटातील जमीन नांगरली की माती सुटी होऊन तलावातच बसते आणि खतेही पाण्यात उतरतात, म्हणून गाळपेर थांबलेली बरी. परंतु ती बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबे असतात, त्यामुळे आधी त्यांच्याशी बसून बोलावे. काढलेला गाळ त्यांच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर प्रथम टाकून दिल्यास बोलणे सोपे जाईल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्पभूधारकांसाठी गाळ वाहून नेण्याच्या अनुदानाची तरतूद झालेली आहे. तिची चौकशी मृद व जलसंधारण कार्यालयात करावी. आणि एक विनंती: उन्हाळ्यात टिटव्या तलावाच्या उघड्या काठावर अंडी घालतात, तेव्हा यंत्र उतरवण्यापूर्वी कोणीतरी सकाळी काठाने चालून घरटी पाहावीत आणि तेवढी जागा दगड मांडून सोडावी.