आपल्याच राहत्या घराला बांधकाम परवानगी, त्याला अकरा जणांच्या सह्या कशाला?

ओसरी
तालुक्याच्या गावी, नगरपरिषद हद्दीत आमचा जुना वाडा आहे. आमच्या वाट्याचा भाग साधारण ९० चौरस मीटर. दोन पावसाळ्यांपूर्वी मागची मातीची भिंत फुगली, तेव्हापासून माजघरावर ताडपत्री आहे आणि खाली आई एकटी राहते. तेवढा भाग उतरवून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम बांधायचं, इतकंच ठरवलंय.

डिसेंबर २०२० मध्ये आलेली राज्याची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली वाचून मला हायसं वाटलं होतं. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर परवानगीची वाट बघायची नाही. परवानाधारक अभियंत्याचा नकाशा, मालकीचा कागद आणि मोजणी नकाशा जोडून शुल्क भरायचं, पावती मिळाली की काम सुरू.

पण सगळं अडलं मालकीच्या कागदावर. मालमत्ता पत्रकावर, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालकीच्या उताऱ्यावर, आजोबांच्या मागे लागलेली अकरा नावं आहेत आणि नगरपरिषद त्या सगळ्यांच्या सह्या मागते. वाटणी १९८४ ला झाली, पण तोंडी. घरपट्टी आमच्या नावावर, तर उत्तर मिळालं की घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. अकरांपैकी दोघं वारले आणि एक काका आमच्याशी बोलत नाहीत.

माझं म्हणणं असं: राहतं घर, तळमजल्यापुरतं, जुन्याच जोत्यावर बांधायचं असेल तर कब्जा आणि घरपट्टी पुरेशी मानावी. परवानगी मिळाल्याने कुणी मालक होत नाही. मालकीचा वाद ज्याला घालायचाय त्याने दिवाणी कोर्टात घालावा.

माहेरवाशीण
मी पूर्ण विरोधात आहे. १९८४ च्या त्या वाटणीत तुमच्या आत्यांना कुणी विचारलं होतं का?

माझ्या वडिलांच्या घराची घरपट्टी भावाच्या नावावर होती. तेवढ्या कागदावर त्याने परवानगी काढली. मला कळलं तेव्हा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला होता. वकील म्हणाले, आता उभं बांधकाम कोण पाडणार, पैशांत काय मिळेल ते बघा. २००५ पासून वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पण तो हक्क सांगायला वेळेवर कुणी विचारतं ते एकाच ठिकाणी, परवानगीच्या अर्जात. तीही सही काढून टाकायची म्हणता?

लेव्हलट्यूब
मी बांधकामातला माणूस. तुम्ही दोघं सह्यांवर भांडताय, मला काळजी वाटते ती भिंतीची. वाड्यातली भिंत बहुतेक वेळा सामाईक असते. एका कामावर आम्ही पांढऱ्या मातीची भिंत वरून उतरवायला घेतली, तर हातभर खाली शेजारच्यांच्या तुळयांची टोकं निघाली, वीतभर आत रुतलेली. त्या खोलीत पाळण्यात मूल झोपलं होतं. काम तिथेच थांबवून रात्रीत टेकू दिले.

१५० चौरस मीटरच्या सवलतीत काम सुरू होण्याआधी कुणी जागेवर बघायला येत नाही, सगळी भिस्त सही करणाऱ्या अभियंत्यावर. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. ती मोठी इमारत होती हे मान्य, पण लहान घराखालीही माणूसच सापडतो. माझ्या मते अकरा वारसांच्या आधी त्या एका शेजाऱ्याची लेखी संमती सक्तीची करा.

ओसरी
ताई, आत्यांना विचारलं नव्हतं. ते चूकच होतं.

म्हणून थोडं बदलून मांडतो. सह्या नकोत, नोटीस द्या. सगळ्या वारसांना पोचपावतीच्या टपालाने कळवा, तीस दिवस हरकतीला ठेवा. हरकत आली तर काम थांबू दे. पण जो उत्तरच देत नाही त्याच्यासाठी आईने किती पावसाळे ताडपत्रीखाली काढायचे? नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये नियमात बसणाऱ्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. कार्यालय गप्प राहिलं की होकार, मग काका गप्प राहिले की नकार का?

माहेरवाशीण
कारण नोटीस पोचायला हवी. माझ्या नावाने निघालेली नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली होती आणि पोचपावतीवर सही भावाची होती.

तिसरी खिडकी
अशा कागदांत माझी बरीच वर्षं गेली. ओसरी, आधी वारलेल्या दोघांच्या वारसांची नोंद सिटी सर्व्हेला घाला, मग नोंदणीकृत वाटणीपत्र करा. त्याशिवाय उद्या आईच्या नावावर कर्जही मिळणार नाही. फुगलेल्या भिंतीसाठी मात्र थांबू नका. ती धोकादायक असल्याचा वेगळा अर्ज आजच फोटोसकट द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि ताईंचं खरं आहे. नोटिशीचा मार्ग हवा असेल तर ती ज्याची त्याच्या हातात, ओळखपत्र बघून द्यावी लागेल.

ओसरी
हातात देण्याची अट मला मान्य आहे.

आज अभियंत्याला घेऊन गेलो होतो. शेजारच्यांच्या चार तुळया आमच्या भिंतीत आहेत. उद्या टेकू लागतील, आई तोवर पुढच्या खोलीत झोपेल. काकांना रविवारी जाऊन भेटतो. अकरा सह्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.