बोरोदिनोचा कुताइसोव: शूर म्हणायचा की जागा सोडून गेलेला साहेब?

बत्तीवाला:
काल रात्री परत बोरोदिनोचं वाचत बसलो (7 सप्टेंबर 1812, नेपोलियन मॉस्कोच्या वाटेवर) आणि परत तोच राग आला म्हणून धागा काढतोय. काउंट अलेक्सांद्र कुताइसोव, रशियाच्या पहिल्या आर्मीच्या तोफखान्याचा प्रमुख, वयाची 28 पूर्ण व्हायला काही दिवस बाकी. रशियन लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचतात, पण त्या दिवशी झालं काय बघा. डाव्या बगलेला दुसऱ्या आर्मीचा सेनापती बाग्रातिओन जखमी झाला, सरसेनापती कुतूझोवने जनरल येर्मोलोवला तिकडं पाठवलं, हे साहेब आपणहून बरोबर निघाले, वाटेत दिसलं की रायेव्स्कीची बॅटरी (फळीच्या मध्यावरचा तोफांचा मोर्चा) फ्रेंचांच्या हातात गेलीय, झालं, दोघं घुसले. बॅटरी आली पण सिंह गेला. आणि मागं प्सारेवो गावाजवळ राखीव उभ्या असलेल्या सुमारे 300 तोफा कुठं कधी लावायच्या हे ज्याच्या डोक्यात होतं तोच माणूस गायब! एकूण तोफा रशियनांकडं जास्त, 640च्या आसपास, फ्रेंचांकडं 587, तरी मोक्याच्या जागी मारा भारी पडला तो फ्रेंचांचाच. मी तरी ह्याला ड्युटी सोडणं म्हणतो.

खडूस आजोबा:
खुर्चीत बसून दोनशे वर्षांनी शहाणपण सांगणं सोपं असतं हो. ती बॅटरी म्हणजे रशियन फळीचा कणा होता, ती गेली असती तर तुमच्या त्या 300 तोफा राखून लोणचं घालायचं होतं का? आणि येर्मोलोवला तुम्ही काहीच बोलत नाही, तो तर पहिल्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ होता, तोही ऊफा रेजिमेंटची बटालियन घेऊन धावलाच ना? त्यालाही नंतर मानेला लागलं. तो वाचला म्हणून शहाणा आणि हा मेला म्हणून बेजबाबदार, असं आहे का?

टवाळ:
मुळात पोरगा वशिल्याचा. बाप इवान कुताइसोव, तुर्की लढाईत पकडून आणलेला मुलगा, तो पावेलचा हजाम झाला आणि मालक झार झाल्यावर थेट काउंट! मग लेक पंधरा-सोळाव्या वर्षी कर्नल. आपण त्या वयात दहावीच्या क्लासला जात होतो राव.

सायली_क:
टवाळ, अर्धीच गोष्ट सांगताय. पावेलचा खून 1801 सालचा, त्याच्याबरोबर बापाचं वजनही संपलं. मेजर जनरल झाला तो 1806 मध्ये, 22व्या वर्षी, तेव्हा कुठला वशिला? त्या आधी तोफखान्याचा मुख्य निरीक्षक अराकचेयेवच्या हाताखाली काम केलंय, आणि अराकचेयेव हा माणूस लाड करणाऱ्यांतला नव्हता. शिवाय नुसता मिरवला नाही, मैदानी लढाईत तोफा कशा वापराव्यात त्याचे नियमच लिहिलेत. सरळ हिशोब आहे, 500 साझेनच्या (म्हणजे किलोमीटरभराच्या) पलीकडचा मारा भरवशाचा नाही, 300 वर बऱ्यापैकी, 200 आणि 100 वर प्राणघातक, तेव्हा लांबून उगाच दारूगोळा उधळू नका. 

निवांत:
वशिल्याचा मुद्दा अगदीच सोडू नका. नेपोलियनविरुद्धच्या आयलाऊच्या लढाईत (1807) घोडतोफखान्याच्या 36 तोफांनी फ्रेंच मार्शल दावूला थोपवलं, सेंट जॉर्ज तिसऱ्या वर्गाचं पदक मिळालं कुताइसोवला आणि तोफांपाशी प्रत्यक्ष राबलेल्या येर्मोलोवला त्याहून हलकं. येर्मोलोवने आठवणींत लिहूनच ठेवलंय की हा माझ्या बॅटरीवर निव्वळ उत्सुकतेपोटी आला होता. म्हणजे जिथं धूर दिसेल तिथं जायची खोड जुनीच. (तरी दोघांची मैत्री टिकली, हे विशेष.)

बत्तीवाला:
निवांत, हेच तर म्हणतोय मी! आणि एक राहिलंच. ती बॅटरी पडली त्यामागं एक मोठं कारण म्हणजे तिथला दारूगोळा संपत आला होता. आता मला सांगा, 18 तोफांची बॅटरी गोळ्यांवाचून गप्प पडतेय आणि तोफखान्याचा सर्वात मोठा साहेब गोळे पोचवायचं सोडून तिथं जातो मारामारीला!

खडूस आजोबा:
रायेव्स्कीची कोअर (सैन्याची मोठी तुकडी) बाग्रातिओनच्या दुसऱ्या आर्मीतली, तिचा तोफखानाप्रमुख वेगळा, लोव्हेनश्टर्न. ह्याच्या नावावर कशाला फाडताय बिल? दोन आर्म्या, दोन डोकी, वर म्हातारा कुतूझोव गोर्की गावात बसून. राखीव तोफा वेळेवर नाही आल्या तर आधी त्याला विचारा. एक माणूस मेला की 300 तोफा मुक्या होत असतील तर दोष मेलेल्याचा की ज्यांनी तशी व्यवस्था ठेवली त्यांचा?

सायली_क:
मला आदल्या रात्रीचा कुताइसोवचा हुकूम महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंत तोफ गमावणं म्हणजे बेअब्रू, त्यामुळं शत्रू जवळ आला की गोलंदाज घोडे जुंपून मागं सरायचे, नेमका जेव्हा छर्र्यांचा मारा सगळ्यात जास्त कापतो तेव्हाच. ह्याने सांगितलं, शत्रू तोफेवर चढून बसेपर्यंत जागा सोडू नका, शेवटचा छर्रा अगदी तोंडासमोर झाडा, मग तोफ गेली तरी तिची किंमत वसूल झाली. असा हुकूम देणारा माणूस स्वतः मागं उभा राहिला असता तर गोलंदाजांनी काय म्हटलं असतं?

बत्तीवाला:
हुकूम झकास, मान्य, त्यावर माझं भांडणच नाही. पण तो हुकूम बॅटरीवाल्यांसाठी होता, प्रमुखासाठी नव्हता ना. प्रेत सुद्धा सापडलं नाही त्याचं, खोगीर रक्ताने भरलेला घोडा तेवढा परत आला. आजोबा, व्यवस्था वाईट होती हे तुमचं धरून चालतो मी. पण ती वाईट आहे हे त्या दिवशी सगळ्यात जास्त कुणाला माहीत असणार?

टवाळ:
घोड्याला.

खडूस आजोबा:
टवाळ गप बसा. बत्तीवाले, जेवून येतो, मग बोलू.