काक्षीची तेजस्विता नुसत्या डोळ्यांनी कशी मोजावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मृग नक्षत्रातल्या काक्षीच्या तेजस्वितेची नोंद या हिवाळ्यात दुर्बिणीशिवाय ठेवायची आहे. हा म्हातारा तांबडा महाराक्षसी तारा साधारण ४०० दिवसांच्या आवर्तनात कमी-जास्त होतो. फेब्रुवारी २०२०मध्ये तर तो १.६ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) मंदावला होता, त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूतून बनलेल्या धुळीमुळे. पुन्हा तसं झालं तर मला ते अजिबात चुकवायचं नाही.

तुलनेसाठी प्रश्वा (प्रत ०.४) आणि रोहिणी (प्रत ०.९) हे तारे घेतो. अडचण अशी, की काक्षी पूर्वेला उगवते तेव्हा रोहिणी बरीच वर आलेली असते, त्यामुळे दोघींच्या प्रकाशाचं हवेतलं शोषण सारखं नसतं. ही दुरुस्ती तुम्ही कशी करता? शिवाय तांबडा तारा टक लावून पाहिला की जास्तच तेजस्वी भासतो. मग पांढरट प्रश्वापेक्षा नारिंगी रोहिणीवर अधिक भरवसा ठेवावा का?