लॅन केबल असूनही संध्याकाळी पिंग उडतो, नवा राउटर घेऊ का? (बडोदा)

तबला_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. रोज संध्याकाळी सात ते नऊ मी घरून ऑनलाइन तबला शिकवते. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडलाय, वायफायवर नाही. तरी साडेसात वाजून गेले की शिकणाऱ्या मुलाचा 'तिरकिट' अर्धाच पोचतो. 'तिर' ऐकू येतो, 'किट' गायब, आणि मग सगळे बोल एकदम धावत येतात. हात चुकला की नेट, कळत नाही. पोराला उगाच परत वाजवायला लावते, त्याचं फार वाईट वाटतं.
पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, दुपारी १५-१८ मिलिसेकंद, संध्याकाळी मध्येच ३००-४००. स्पीड टेस्ट अगदी प्लॅनप्रमाणे, डाउनलोड १००, अपलोड ३० एमबीपीएस. कंपनीचा माणूस दोनदा तेवढंच दाखवून गेला. केबल बदलून झाली. आता राउटर बदलू का? कोणता घ्यावा?

रावपुरेकर
ताई, पैसे घालण्याआधी गच्चीवर जाऊन या. उत्तरायणात आमच्या फायबरला मांजा अडकला होता. वायर तुटली नव्हती, पण इतकी घट्ट वाकली होती की आतला प्रकाशच कमी पडत होता. ओएनटीच्या (फायबर ज्यात येते तो कंपनीचा डबा) सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. ती -२८, -२९ डीबीएम इतकी कमी दाखवत असेल तर कंपनीला तोच आकडा सांगा.

नेटवर्कवाली_सयाजीगंज
गच्ची बघाच. पण वायर वाकलेली असती तर त्रास दुपारीही झाला असता, म्हणून माझा संशय वेगळा आहे.
लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्यांत सतत पिंग चालू ठेवा, एक राउटरला (बहुतेक १९२.१६८.१.१), दुसरा बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. राउटरचा १ च्या आसपास टिकला तर लॅपटॉप, केबल आणि पोर्ट सुटले. बाहेरचा उडाला की घरातली उपकरणं एकेक करून बंद करा. सगळी बंद करूनही उडत राहिला तर दोष बहुतेक कंपनीकडच्या संध्याकाळच्या गर्दीचा. तिथे नवा राउटर काही करू शकत नाही.
माझा अंदाज अपलोडचा आहे. सेव-उसळीच्या गाडीवर पुढच्याने पन्नास पार्सलं सांगितली की आपली एक प्लेटही अडकते ना, तसंच. कुणाचा फोन व्हिडिओ चढवत असला की तुमचा आवाज, आणि तिकडचा हरवलेला आवाज परत मागणारे निरोपही, त्यामागे रांगेत उभे राहतात. याला बफरब्लोट म्हणतात. नेट रिकामं असताना केलेल्या स्पीड टेस्टमध्ये ही रांग दिसतच नाही.

तबला_दांडियाबाजार
काल करून बघितलं. राउटरचा पिंग १ वरून हलला नाही. सात चाळीसला बाहेरचा ३८० झाला. माझ्या मुलाचा फोन वायफायवरून काढला आणि लगेच १७! तो साडेसातला मैदानावरून येतो, फोन वायफायला लागतो आणि मॅचचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. परत जोडला, परत ३५०. तीनदा करून खात्री केली. गच्चीवरची वायर ठीक आहे, आरएक्स -२१. पण रोज त्याला फोन बंद करायला किती सांगणार?

नेटवर्कवाली_सयाजीगंज
-२१ छान आहे. आज त्याच्या फोनमध्ये क्लाउड बॅकअप नुसता बंद करा आणि नऊनंतर चालू करा.
कायमचं हवं तर एसक्यूएम, म्हणजे ही रांग आवरायची सोय, असलेला राउटर बघा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारे बरेचसे त्यात बसतात. अपलोड २७ वर बांधा, म्हणजे ३० च्या ९० टक्के. मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तो क्लासचा आवाज अडकू न देता सोडतो. रांग लावायची पद्धत 'केक' निवडा. थोडा स्पीड जाईल, पण तबल्याला स्पीड लागत नाही, वेळेवर पोचणं लागतं. घरात जुना राउटर पडलाय का? असला तर त्याच्या खाली लिहिलेला मॉडेल नंबर इथे टाका, विकत घेण्याआधी तो चालेल का ते पाहू.

तबला_दांडियाबाजार
माळ्यावर एक आहे. उद्या काढून नंबर टाकते.