वादळात आंबा मधोमध फाटला: कापणी, फळ्या आणि सरपण याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. चार दिवसांपूर्वीच्या वादळात आमच्या अंगणातला आंबा फाटला. जमिनीपासून साधारण दीड मीटरवर त्याची दोन खोडं होतात, नेमका तिथेच तो उभा चिरला. एक खोड आडवं झालंय, दुसरं अजून उभं आहे. पडलेलं खोड पूर्ण सुटलेलं नाही. बुडाकडे हातभर रुंद लाकडाच्या पट्ट्यानं ते अजून लटकून आहे आणि शेंड्याकडे दोन जाड फांद्यांवर टेकलंय. त्या दोन्ही फांद्या धनुष्यासारख्या वाकल्या आहेत.

खोडाचा घेर मोजला, १६० सें.मी. भरला. पहिल्या मोठ्या फांदीपर्यंत सरळ लांबी चार मीटर आहे. हे झाड लावताना खड्डा खणायला बाबांबरोबर मी होते, त्यामुळे सगळंच जाळून टाकायचं मनात येत नाही. त्याचं एक टेबल तरी व्हावं असं फार वाटतं.

प्रश्न असे आहेत:

मावसभाऊ कुणाची तरी चेन सॉ आणून रविवारी कापायला तयार आहे. त्यानं आजवर मनगटाएवढ्या फांद्याच कापल्या आहेत. हे चालेल का? सुतार म्हणाले, "आंब्याचं लाकूड टिकत नाही, सरपणच करा." हे खरं आहे का? सरपण किती दिवसांनी जाळण्याजोगं होतं? आणि उभा राहिलेला अर्धा भाग वाचेल का?

रानवाट

रविवारचा बेत आधी थांबवा. बाकीच्या गोष्टींना सवड आहे, या एकाला नाही.

५० सें.मी. व्यासाचं चार मीटर खोड म्हणजे सुमारे ०.८ घनमीटर लाकूड. ओलं असताना ते पाऊण टनाच्या आसपास भरतं. हे वजन सध्या एक फाटका पट्टा आणि दोन वाकलेल्या फांद्या पेलताहेत. वाकलेल्या फांदीत ताण साठलेला असतो. बाकाची बाहेरची बाजू ताणलेली असते आणि आतली दाबलेली. ताणलेल्या बाजूवर एकदम खोल काप दिला की फांदी फाटून उसळते आणि समोरच्याच्या तोंडावर येते. दाबलेल्या बाजूनं खोल गेलात तर काप मिटतो आणि पातं अडकतं. म्हणून आधी दाबलेल्या बाजूला उथळ काप द्यायचा, मग ताणलेल्या बाजूनं थोडं थोडं करत उरलेलं सोडवायचं. उभं राहायचं ते फांदी जिकडे उसळेल त्याच्या विरुद्ध अंगाला. वाचायला हे सोपं वाटतं. पण प्रत्यक्षात फांदी एकाच वेळी वाकलेली आणि पिळलेलीही असते, आणि कुठली बाजू कुठली हे ओळखायला सरावलेली नजर लागते.

बुडाचा तो पट्टा तर नवख्या माणसानं मुळीच कापू नये. तो सुटला की बूड खाली आपटेल, खोड घरंगळेल किंवा शेंड्याकडून उचललं जाईल, आणि यातलं काय होईल ते आधी नक्की सांगता येत नाही. हे काम रोज करणाऱ्या माणसांनाच बोलवा. झाड विजेच्या तारेला कुठे टेकलं असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नका.

तोवर भावाला करता येण्याजोगं काम आहे. ज्यांच्यावर कसलाच भार नाही अशा मोकळ्या, बारीक फांद्या हातकरवतीनं काढायच्या. त्या दोन टेकू फांद्यांना हात लावायचा नाही. झाडाखाली जाण्याआधी दर वेळी वर बघायचं, कारण उभ्या भागात मोडून अडकलेल्या फांद्या दिवसेंदिवस लटकत राहतात आणि वारा नसतानाही खाली येतात. पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. आंब्याच्या चिकानं अनेकांच्या कातडीवर फोड उठतात.

पुढे कधी त्यानं चेन सॉ हातात घेतलीच, तर पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू द्यायचा नाही, हे त्याला आधी शिकवा. तिथे साखळी लाकडात रुतली की अख्खं मशीन क्षणात वर, अंगावर उलटतं. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर धरून ते चालवायचं नाही. हेल्मेट, चष्मा, कानाचं संरक्षण, पायांचं कवच आणि दणकट बूट हे सगळं हवंच.

पटाशी

सुतारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आंब्याचं लाकूड पावसात किंवा मातीला लागून राहिलं तर लवकर कुजतं, आणि कीड त्याला फार पटकन लागते. पण घरातल्या टेबलाला ते छान चालतं. मी त्याची टेबलं केली आहेत. रंधा मारला की रेषा सुंदर उठून दिसतात. लोकांचं आंब्याचं लाकूड बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातल्या हयगयीनं.

खोड सुटं झालं की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट जाड थरात दोनदा लावा. लाकडातलं पाणी उभ्या नळ्यांतून वर-खाली चालतं, त्यामुळे टोकं फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगानं वाळतात. टोक आधी आक्रसतं, आतला भाग ओलाच राहतो आणि उभ्या चिरा पडतात. दोन-तीन दिवसांनी लावलेला रंग आत शिरलेली चीर बुजवत नाही. शिवाय कापताना हव्या त्या लांबीपेक्षा प्रत्येक टोकाला १०-१५ सें.मी. जास्त ठेवा.

मग लवकरात लवकर चिरून घ्या. ओंडका सालीसकट पडून राहिला की बुरशीनं लाकडात निळसर-काळे पट्टे येतात. त्यानं ताकद फारशी जात नाही, पण रंग जातो तो जातोच. कीडही सालीखाली अंडी घालते, म्हणून साल काढून टाका.

टेबलाचा वरचा भाग ३० मि.मी. जाड हवा असेल तर फळी ४० मि.मी.ची चिरा. वाळताना ती आक्रसते, थोडी वाकते आणि रंध्यात आणखी जाते. अगदी मधल्या गाभ्याचा ठिपका कुठल्याही फळीत ठेवू नका. लाकूड वलयांच्या दिशेनं जेवढं आक्रसतं ते केंद्राकडून सालीकडे आक्रसण्याच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे गाभा ज्या फळीत राहतो ती चिरतेच. मधली फळी गाभ्यावरून उभी दोन करा आणि तो अरुंद भाग सरपणात टाका. जीव तुटतो, पण करा.

चिरल्यावर एक-दोन दिवसांत फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी सगळ्या बाजूंनी लावा. पोखरणाऱ्या किडीवर ते चांगलं काम करतं. लावताना हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. पावसात ते धुऊन जातं, म्हणून थप्पी छपराखालीच हवी.

थप्पी लावण्यात घाई करू नका. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट पाया घ्या. दोन फळ्यांमध्ये २५ मि.मी. जाडीच्या कोरड्या पट्ट्या दर ४०-५० सें.मी.वर ठेवा. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर रेषेत हवी, नाहीतर फळीला तिथे कायमचा बाक येतो. सगळ्यात वर वजन ठेवा. जागा सावलीची आणि वारा खेळणारी असावी, ऊन नको. ताडपत्रीनं चारी बाजू बंद केल्यात तर बुरशीला आमंत्रण मिळेल.

किती दिवस? जुना अंदाज इंचाला एक वर्ष असा आहे. हवामानानुसार कमीजास्त होतं. एक नमुना तुकडा थप्पीतच ठेवा आणि दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की फळ्या घरात आणा आणि आणखी काही आठवडे तशाच राहू द्या. मगच कापाकापी.

सरपण

फाटे आणि वाकडेतिकडे तुकडे माझ्या वाट्याचे. ३०-३५ सें.मी.चे तुकडे करा आणि ओले असतानाच फोडा. बऱ्याच लाकडांना ओलेपणी पाचर सहज जाते, वाळल्यावर घण घालून दमायला होतं. न फोडलेला गोल ओंडका सालीच्या आत पाणी धरून बसतो. फोडलेली ढलपी काही महिन्यांत वाळते, जाड असेल तर वर्ष लागतं.

ओलं लाकूड जाळू नका असं सगळे सांगतात, त्याचं कारण साधं आहे. ताज्या लाकडाच्या एकूण वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जळण्याआधी त्या पाण्याची वाफ करायला आच खर्ची पडते, आग थंड राहते, धूर होतो आणि तो धूर धुराड्यात डांबरासारखा साचतो. पुढे त्याच थरानं धुराड्याला आग लागू शकते. ओल २० टक्क्यांच्या खाली गेली की लाकूड नीट पेटतं. ओल मोजायचं यंत्र असेल तर ढलपी नव्यानं फोडून आतल्या बाजूला लावा, बाहेरचा आकडा फसवतो. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो.

रास फक्त वरून झाका. घराच्या भिंतीला लावून ठेवू नका, वाळवी तिथूनच घरात शिरते.

दुबेळक्याचा भाग, म्हणजे जिथे एका खोडाची दोन होतात तो सांधा, फोडायला फार चिवट असतो, त्यावर शक्ती घालवू नका.

पटाशी

दुबेळका सरपणात नकोच. दोन खोडांचे धागे तिथे एकमेकांत गुंतलेले असतात आणि पिसासारखी नक्षी निघते. फाटलेलं सोडून चांगला तुकडा उरला तर टोकं रंगवून बाजूला ठेवा.

रानवाट

उभ्या भागाबद्दल राहिलं होतं. जिथे फाटलं तिथे दोन खोडांच्या मध्ये साल दबलेली दिसते का? दिसत असेल तर तो जोड कधी एकजीव झालाच नव्हता आणि दोन्ही खोडं एकमेकांना ढकलत वाढली. आता सगळा भार एका बाजूला आहे. चीर खालच्या सामाईक बुंध्यात कुठवर गेली ते बघा. तिच्या खालच्या टोकाला खुणेची रेघ मारून तारीख लिहा आणि प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर तपासा. चीर खाली सरकली किंवा बुंध्याच्या आरपार असेल, तर मी ते झाड घराजवळ ठेवणार नाही. तुमचा जीव त्यात अडकलाय हे कळतं, तरी हेच सांगेन. चीर वरच थांबलेली असेल तर जाणकाराकडून शेंड्याचा भार थोडा हलका करून घ्या. जखमेत सिमेंट भरू नका, डांबरही फासू नका, त्यानं ओल आत कोंडते. सुटलेली साल धारदार पटाशीनं साफ करा, एवढं पुरे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी भावाला फक्त हातकरवत दिली. काल झाडं कापणारे तिघे आले. त्यांनी बुडाला दोर बांधून, खाली ओंडके रचून मगच तो पट्टा सोडवला. सुटताना जो आवाज झाला त्यानं भाऊ पांढरा पडला. टोकांना संध्याकाळीच रंग लावला.

आता दोन नव्या शंका आहेत. आरा मशीनवाले म्हणतात, ओंडका दोन महिने वाळू द्या, मग चिरू. आणि बुडापासून ३०-४० सें.मी.वर सालीत एक फुगवटा आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी बाबांनी तिथे लोखंडी कडी ठोकली होती. मी लहान असताना हात उंच केला की ती लागायची. नंतर झाडानं ती गिळली.

पटाशी

दोन महिने अजिबात नाही. एवढा जाड ओंडका दोन महिन्यांत आतून वाळत नाही, फक्त डागाळतो आणि किडतो. ओलाच चिरा, वाळवायच्या त्या फळ्या.

कडीबद्दल मशीनवाल्यांना आवर्जून सांगा. पात्याला लोखंड लागलं तर दाते उडून माणसाला लागतात. बरं झालं तुम्हाला जागा आठवते. झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून, त्यामुळे ठोकलेली कडी होती त्याच उंचीवर राहते. बुडाकडचा फाटलेला भाग तसाही वाया जाणार, तेव्हा टोकापासून ६० सें.मी. कापून टाका. मग बाकीच्या ओंडक्यावरून मेटल डिटेक्टर फिरवून घ्या, नसेल तर नव्या कापाकडे नीट बघा. लोखंडाजवळचं लाकूड निळं-काळं पडतं. डाग दिसला तर आणखी थोडं कापा.

धागाकर्ती

६० सें.मी.वर कापलं. काप स्वच्छ आहे, कुठेही डाग नाही. उद्या ओंडका चिरायला जातोय, ४० मि.मी.नं. बुंध्यावरच्या चिरेला रेघ मारून तारीख घातली आहे. कालच्या वाऱ्यानंतर पाहिलं, जिथल्या तिथे आहे.

कडीचा तुकडा सरपणात टाकलेला नाही. त्याच्याही नव्या टोकाला रंग लावून सावलीत ठेवलाय.