मदत हवी आहे: स्लीव्ह झालेल्या ताईला आता पोटाचा बायपास सांगितलाय (इंदूर)

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, रामबागेत राहतो. प्रश्न माझ्या ताईसाठी आहे, वय ४६. २०१७ मधे तिची स्लीव्ह झाली (वजन कमी करायला जठर कापून लहान करायचं ऑपरेशन), तेव्हा वजन ११८ होतं, ते ७६ पर्यंत आलं, शुगरच्या गोळ्या पण सुटल्या. लॉकडाऊननंतर हळूहळू वाढत आता ९४ झालंय, बीएमआय ३८.

पण वजनापेक्षा मोठा त्रास ॲसिडिटीचा आहे. रात्री आडवी झाली की घशाशी आंबट पाणी येतं, खोकत उठून बसते, पॅन्टोप्राझोल दोन्ही वेळा चालू आहे तरी. एन्डोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आणि अन्ननलिकेला सूज, ग्रेड बी, असं आलंय. नातेवाईक म्हणतात सराफ्यात (इथली रात्रीची खाऊगल्ली) जाऊन खात असेल, म्हणून झालं. मला याचा फार राग येतो. स्लीव्हमधे जठराचा पाऊणएक भाग काढूनच टाकतात, जी अरुंद नळी उरते तिच्यात दाब जास्त असतो आणि ॲसिड वर ढकललं जातं, कितीतरी जणांना हा त्रास स्लीव्हनंतर नव्यानेच सुरू होतो, त्यात तिचा काय दोष?

आता इथले एक सर्जन रू-एन-वाय बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात, त्यात दोन जोड असतात) करू म्हणतात, दुसरे मिनी बायपास, कारण त्यात आतड्याचा एकच जोड असतो आणि ऑपरेशन कमी वेळात होतं. माझी शंका अशी की मिनी बायपासमधे पित्त जठरात येऊ शकतं ना, मग जिला आधीच अन्ननलिकेला सूज आहे तिला ते कसं चालेल? भाऊजी म्हणतात वजनाचं इंजेक्शन घेऊन बघू, सेमाग्लुटाइड किंवा माउंजारो, पण त्याने पोट रिकामं व्हायला उशीर लागतो म्हणे, मग रिफ्लक्स (ॲसिड वर येणं) वाढला तर? आणि रिव्हिजनला, म्हणजे या दुसऱ्या ऑपरेशनला, मेडिक्लेम मिळतो का? कोणाच्या घरी हे झालं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, ताई खूप घाबरली आहे, पुन्हा पोटावर ऑपरेशन म्हटलं की रडते.

प्रतिसाद (बडोद्याहून):

दादा, माझ्या बायकोचं स्लीव्हवरून रू-एन-वाय झालंय, कारण हेच, रिफ्लक्स. तुमची शंका बरोबर आहे. रू-एन-वायमधे पित्त बरंच खाली, लांबच्या आतड्यात जाऊन मिळतं म्हणून वर येत नाही, आमच्या सर्जननी पण रिफ्लक्स असेल तर हेच पहिलं असं सांगितलं होतं. पण घाई करू नका, आधी बेरियमचा एक्स-रे करून घ्या, कधीकधी स्लीव्हची नळी मधेच आवळलेली किंवा पिळलेली असते आणि काही केसेसमधे ती एन्डोस्कोपीतून फुग्याने रुंद करता येते. एन्डोस्कोपीत बायोप्सी घेतली का, बॅरेट्स (ॲसिडमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल) नाही ना, हे विचारा. जुन्या हॉस्पिटलमधून २०१७ च्या ऑपरेशन नोट्स मागवा, नवीन सर्जनला त्या लागतातच. दुसऱ्यांदा करताना आत चिकटलेलं असतं, जोडातून गळतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, त्यामुळे रिव्हिजन नेहमी करणाराच सर्जन बघा, मग इंदूर असो की मुंबई.

मेडिक्लेममधे वजनाच्या सर्जरीला बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हार्टचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा ताब्यात न येणारी शुगर, अशी अट असते. ताईंची शुगर आता कशी आहे? ऑपरेशन रिफ्लक्ससाठी आहे हे डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या आणि ॲडमिट व्हायच्या आधीच कंपनीकडून लेखी उत्तर मागा.

बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आयुष्यभर, आणि ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद, जोडापाशी अल्सर होतो. इंजेक्शनचं सर्जनलाच विचारा, पण हर्निया त्याने बरा होणार नाही. ताईंना बोलायचं असेल तर मेसेज करा, माझी बायको फोनवर बोलेल त्यांच्याशी.