मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये वाजवायला ट्यूब गिटार अँप कोणता घ्यावा?

सहावी तार:

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्ववर चालणारा अँप्लिफायर घ्यायचा आहे, फक्त घरी वाजवायला. जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारतो.

गिटार स्ट्रॅटोकास्टर, तारांचा आवाज उचलणारे पिकअप साधे, सिंगल कॉइलचे. सध्या बॉसचा कटाना ५० हा बिनट्यूबचा अँप आहे आणि त्याच्याबद्दल खरं तर तक्रार काही नाही. पण बाणेरला एका मित्राकडे व्हॉक्स एसी१५ या ट्यूब अँपवर वाजवलं आणि तेव्हापासून कशात मन लागत नाहीये. तार हळू छेडली की स्वच्छ आवाज, जरा जोरात मारली की किंचित फाटतो, गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा खाली आणला की पुन्हा स्वच्छ. पेडलला पायही न लावता. मी बहुतेक ब्लूजच वाजवतो, त्यामुळे मला नेमका हाच आवाज हवा. मेटल वगैरे नाही.

अडचण जागेची. कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग जुनी. भिंतीपलीकडे आजी-आजोबा, खालच्या घरात यंदा दहावी. वाजवायला वेळ मिळतो तो जेवणं आटोपल्यावर, म्हणजे रात्री नऊच्या पुढे. शनिवार-रविवारी दुपारी थोडा.

बजेट साठ-सत्तर हजार, वापरलेला चालेल. सगळे म्हणतात की घरासाठी ५ वॅटच्या वर जाऊ नकोस, हे खरं का? शिवाय बहीण न्यू जर्सीहून दिवाळीला येतेय, तिला फेंडरचा ब्लूज ज्युनिअर अँप आणायला सांगू का? चौदा किलोच्या आसपास भरतो, बॅगेत बसेल म्हणते. आणि ट्यूबा गेल्या तर इथे मिळतात का?

तळजाईकर:

गणपतीत घ्या. दहा दिवस १०० वॅटचा लावलात तरी कोणी ढुंकून बघणार नाही.

बाकी कटाना घरात असताना मन लागत नाही म्हणजे हा आजार औषधाचा नाही, खर्च करूनच बरा होतो. शुभेच्छा.

पाचवा मजला:

वॅटवरून अँप निवडू नका, तिथेच सगळे फसतात.

गिटारचे स्पीकर भलतेच कार्यक्षम असतात. एसी१५ मध्ये सेलेशनचा ग्रीनबॅक स्पीकर येतो, त्याची संवेदनशीलता ९८ डेसिबल. म्हणजे त्याला १ वॅट दिला की एक मीटरवर ९८ डेसिबल. ५ वॅटला साधारण १०५, १५ वॅटला ११०. दोघांत फरक जेमतेम ५ डेसिबलचा, आणि आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात. आता उलटं जा: पाव नाही, अर्धा नाही, ०.१ वॅट घेतला तरी ८८ डेसिबल. आपण समोरासमोर बोलतो ते ६० च्या आसपास. निवासी भागासाठी सरकारी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. थोडक्यात, दहावीच्या मुलाच्या डोक्यावर ५ वॅटचा आवाज पूर्ण उघडणं आणि १५ वॅटचा पूर्ण उघडणं, दोन्हीला सोसायटीचं पत्र येणारच.

एसी१५ हा मुळात १९५८ सालचा अँप आहे, स्टेजवर वाजवायला बनवलेला. घरगुती म्हणून कोणी काढलेला नाही.

आता आवाज फाटतो कुठे ते बघा. अँपमध्ये ट्यूबांचे दोन टप्पे. आधी प्रीअँपच्या छोट्या ट्यूबा, बहुधा १२एएक्स७. मग पॉवरच्या, एसी१५ आणि ब्लूज ज्युनिअर दोन्हीत ईएल८४ ची जोडी. मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचं बटण) खाली ठेवून गेन (पहिल्या टप्प्याला मिळणारा जोर) वाढवला की फक्त पहिला टप्पा फाटतो, आणि हे हळू आवाजातही होतं. पॉवरच्या ट्यूबा मात्र अँपचा आवाज उघडल्याशिवाय हलत नाहीत. मित्राकडे तुम्हाला जे आवडलं, ते पिकच्या जोराला मिळणारं उत्तर, त्यात या दुसऱ्या टप्प्याचा आणि स्पीकरच्या हलण्याचा बराच वाटा असतो. रात्री नऊनंतर तो तुम्हाला आपोआप मिळणार नाही. तो मिळवायचे मार्ग दोन: अँपमध्येच वॅट कमी करायची सोय, नाहीतर अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये अटेन्युएटर, म्हणजे बरीच पॉवर वाटेतच जिरवणारं खोकं.

पहिल्या प्रकारात मार्शलचा डीएसएल१ (१ वॅट, बटणाने ०.१), डीएसएल५ (५ किंवा ०.५), बुगेराचा व्ही५ (५, १, ०.१). ब्लॅकस्टारचा एचटी-१ मुळातच १ वॅटचा आहे. मार्शलच्या दोघांना हेडफोन लावायचीही सोय आहे. पण माझं मत विचाराल तर ८ इंची स्पीकरवाले अँप मी टाळीन. खोकं लहान, आवाजही डब्यातून आल्यासारखा. तोच अँप बाहेरच्या १२ इंची कॅबिनेटला जोडला की ओळखू येत नाही, पण मग तुमची जागा गेली.

तुमच्या वाजवण्याला मी व्हॉक्सचाच एसी१० किंवा एसी१५ म्हणेन, दोघांनाही मास्टर व्हॉल्यूम आहे, आणि मागाहून अटेन्युएटर. डीएसएलचा स्वभाव जास्त गेनचा, ब्लूजला चालतो पण तुम्ही सांगताय तो आवाज तो नव्हे.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: ट्यूब अँप स्पीकर किंवा लोड (स्पीकरच्या जागी पॉवर जिरवणारा रोध) न जोडता वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो स्वस्त नसतो.

पेडलवाला:

वर सगळं बरोबर लिहिलंय, तरी मी विरुद्ध मत नोंदवतो. एवढं करून शेवटी रात्री बोलण्याइतक्या आवाजात वाजवणार असाल तर ट्यूबचा फायदा तुमच्या मनात जास्त आणि कानात कमी. यामाहाचा टीएचआर हा बिनट्यूबचा छोटा अँप बघा. टेबलावर राहतो, कमी आवाजात ऐकण्यासाठीच बनवलाय. उरलेल्या पैशात तासावर जॅमरूम घ्या आणि तिथे मोठा ट्यूब अँप मनसोक्त उघडा. पुण्यात आता त्याला तोटा नाही.

सहावी तार:

पाचवा मजला, फार आभार. डेसिबलचं गणित कोणी असं मांडलं नव्हतं. म्हणजे ५ विरुद्ध १५ हा प्रश्नच बाद. पेडलवाला, तुमचं पटतंय पण मनाला पटत नाही, तळजाईकर म्हणाले तोच आजार. अमेरिकेतून आणण्याबद्दल कोणी सांगेल का?

बुधवारातला:

मी सांगतो. तपकीर गल्लीत आयुष्य गेलं, व्हॉल्वचे रेडिओ दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली.

तिकडचा अँप १२० व्होल्टचा. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट खुपसलात तर फ्यूज उडून सुटलात तर नशीब. मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. अँपच्या मागच्या पट्टीवर किती वॅट खातो ते लिहिलेलं असतं, त्याच्या दीडपट-दुप्पट व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) घ्या. सोबत ५०/६० हर्ट्झ असं छापलंय का तेही बघा. नुसतं ६० असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. बाजारात दोन पिनांचे स्वस्त स्टेपडाउन मिळतात, ते चुकूनही नको. त्यात अर्थिंगची तार पुढे जातच नाही. गिटारच्या तारा अँपच्या चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि तुमचा हात त्या तारांवर. एवढं सांगितलं की पुरे.

म्हणून मी तर म्हणेन, २३० व्होल्टचाच घ्या, इथल्या दुकानातून, वॉरंटीसह.

अँप कुठूनही येऊ दे, आधी घरचं अर्थिंग तपासा. मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंग यांच्यात २३० च्या आसपास येतात का बघा, मग न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज बघा. पहिलं बरोबर आणि दुसरं दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक, पहिलं आलंच नाही किंवा दुसरं वीस-तीस दाखवलं तर वायरमन बोलवा. जुन्या बिल्डिंगांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी स्वतः उघडून पाहिलंय. विजेचा दाब रात्री चढतो तेही बघा. ट्यूबच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात. २३० च्या जागी २५० आले की तिथे ६.८ च्या पुढे जातात. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, पण रोज तसंच असेल तर स्टॅबिलायझर लावा. आणि लाइट गेल्यावर चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर वाजवू नका, नुसता घूं घूं ऐकाल.

स्ट्रॅटचे सिंगल कॉइल स्वतःही गुणगुणतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचा डिमर, कॉम्प्युटर, सगळं त्यात येतं. गिटार गळ्यात घेऊन जागेवर गोल फिरा. आवाज कमीजास्त झाला तर दोष अँपचा नाही.

ट्यूबांची चिंता नको. ईएल८४ आणि ईसीसी८३ (१२एएक्स७ तीच) आजही बनतात, स्लोव्हाकियात जेजे आणि रशियात साराटोव्हला. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा भाव चढले होते. इथे ऑनलाइन मागवता येतात. आपल्याकडे बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सही व्हॉल्व करायची. ईएल८४ रेडिओतही असायची, म्हणून जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे अजून डबीबंद सापडते. जुन्या बाजारातून सुटी मात्र उचलू नका, टेस्टरवर लावल्याशिवाय जिवंत आहे की मेलेली कळत नाही. घरच्या वापरात प्रीअँपच्या ट्यूबा वर्षानुवर्षं टिकतात. पॉवरच्या आधी थकतात.

ट्यूब बदलणं तुम्हाला जमेल, अँप बंद करून गार झाल्यावर. पण चासी उघडायची नाही. आत तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

मोगरा:

बुधवारातले काका, धाग्यावर आहात ते बरं झालं.

मी चौथ्या मजल्यावर एसी१५ वाजवते, म्हणून दोन गोष्टी. खालच्यांना त्रास होतो तो स्लॅबमधून जाणाऱ्या खालच्या सुरांचा. अँप जमिनीवर ठेवू नका. खुर्चीवर किंवा स्टँडवर, खाली जाड रबर, आणि तोंड तुमच्या कानाकडे. कानाच्या रेषेत आला की निम्म्या आवाजात काम भागतं.

दुकानात ऐकाल तेव्हा विक्रेता मस्त मोठ्याने वाजवून दाखवेल, त्याला आधी थांबवा. कमी आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. मोठ्या आवाजात भरदार वाटलेला अँप घरी पोकळ वाटतो तो त्यामुळे. स्वतःची गिटार न्या, मास्टर तुमच्या रात्रीच्या पातळीला आणा आणि मग ऐका. आणखी एक बघा: मास्टरचं बटण शून्यावरून किंचित फिरवल्यावर आवाज हळू चढतो की एकदम उडी मारतो? काही अँपमध्ये शून्य आणि एकच्या मधल्या केसाएवढ्या जागेत सगळं घरगुती वाजवणं उरकावं लागतं. माझ्या एसी१५ चं थोडं तसंच आहे. अटेन्युएटर घेतल्यावर सुटले.

सहावी तार:

मोगराताई, हे दुकानात कोणीच सांगितलं नसतं. काका, अर्थिंगचं आजच बघतो.

सध्या ठरतंय असं: शनिवारी गिटार घेऊन कॅम्पातल्या दुकानांत जातो. एसी१० आणि डीएसएल५ दोन्ही रात्रीच्या पातळीवर ऐकतो. ब्लूज ज्युनिअरचा बेत रद्द. पण बहिणीला रिकाम्या हाताने कशाला येऊ द्यायचं? अटेन्युएटर तिकडून मागवला तर १२० व्होल्टची भानगड येते का?

पाचवा मजला:

साधा पॅसिव्ह अटेन्युएटर भिंतीच्या सॉकेटला लागतच नाही, त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्न नाही. वजनही कमी. बहिणीला हेच सांगा. काहींमध्ये पंखा किंवा जास्तीची इलेक्ट्रॉनिक्स असते, त्यांना अ‍ॅडॉप्टर लागतो, तेवढं विचारून घ्या.

फक्त आधी अँप ठरवा, मग अटेन्युएटर. अँप आणि अटेन्युएटर दोघांचे ओहम (रोधाचं माप) जुळायला हवेत. अटेन्युएटरचं तेच मॉडेल ८ आणि १६ ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतं. अँपच्या मागे स्पीकरच्या जॅकशेजारी आकडा छापलेला असतो, दुकानातच त्याचा फोटो काढा. जोडताना स्पीकरची केबलच वापरायची, गिटारची नाही. दिसायला सारख्या असतात, पण गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते, ती तापते.

मोगरा:

आणि एसी१० ऐकाल तेव्हा एसी१५ शेजारी लावून ऐकू नका. मग सत्तर हजारांत थांबणार नाही तुम्ही.